एक टिक आणि न्हावा-शेवा

डोंबिवलीतलं कुठलंही छोटं ऑफिस डोळ्यासमोर आणा. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि सगळ्यांच्या फायली एकाच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. तो फोल्डर पहिल्यांदा उघडताना युजरनेम-पासवर्ड विचारतो आणि खाली एक चौकोन दाखवतो, 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'. आपण टिक करतो आणि विसरून जातो. कॉम्प्युटर मात्र विसरत नाही. आजची गोष्ट त्या टिकची.

ही सोय जुनी आहे. विंडोज 95 असे पासवर्ड पीडब्ल्यूएल नावाच्या फाइलमध्ये ठेवायचं. त्याचं कुलूप इतकं तकलादू होतं, की 1995 संपायच्या आतच ते फोडायची रीत इंटरनेटवर आली आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. 2001 च्या एक्सपीमध्ये साठवलेल्या पासवर्डांची वेगळी यादी आली. विंडोज 7 पासून तिचं नाव क्रेडेन्शियल मॅनेजर. कंट्रोल पॅनेलमध्ये ती आजही आहे. एकदा उघडून बघाच! कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं युजरनेम, बंद पडलेल्या सर्व्हरचा पत्ता, असं काय काय तिथे निघतं. नोंदीवर क्लिक केलं की 'रिमूव्ह' दिसतं. (फोल्डरचा पासवर्ड बदलल्यावरही आत घेत नसेल, तर बहुतेक वेळा ही जुनी नोंदच आडवी आलेली असते.)

आता जरा खाडीपलीकडे जाऊ. मुंब्रा बायपासवर भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर तुम्ही रोज बघता. त्यातले कितीतरी न्हावा-शेवाच्या बंदरातून येतात. 27 जून 2017 ला तिथल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले. टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडे, आणि त्या दिवशी मर्स्कचं जगभरचं नेटवर्कच आडवं झालं होतं. कारण होतं नॉटपेट्या. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून हा व्हायरस सुटला होता.

खरी मेख इथे आहे. नॉटपेट्या पासवर्डचा अंदाज लावत बसत नव्हता. विंडोजमधली एक जुनी फट तो वापरायचाच. शिवाय ज्या कॉम्प्युटरमध्ये शिरला, त्याच्या मेमरीत लॉगिन केलेल्यांची क्रेडेन्शियल्स शोधायचा. क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या रिमोट डेस्कटॉपच्या नोंदीही उचलायचा. मग तीच नावं वापरून शेजारच्या कॉम्प्युटरच्या ॲडमिन शेअरमध्ये स्वतःची कॉपी ठेवायचा आणि ती चालू करायचा. म्हणून फट बुजवलेले, अपडेट केलेले कॉम्प्युटरसुद्धा पडले. त्यांच्या दृष्टीने आत आलेला घरचाच माणूस होता, किल्ली घेऊन आलेला. आणि सगळ्या कॉम्प्युटरना एकच ॲडमिन पासवर्ड असेल, तर एक किल्ली मिळाली की सगळी चाळ उघडी.

नुसती यादी साफ करून म्हणूनच भागत नाही. रोजच्या कामासाठी ॲडमिन म्हणून लॉगिन करू नये आणि प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा असावा, ही खबरदारी जास्त महत्त्वाची. छोट्या ऑफिसात नेमकी तीच घेतली जात नाही, कारण एकच पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ असतो!

मर्स्कला 20 ते 30 कोटी डॉलरचा फटका बसला. सुमारे 45 हजार पीसी आणि 4 हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे, डोमेन कंट्रोलर नावाचे सर्व्हर जगभर पुसले गेले. फक्त घानामधला एक वाचला. हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती! भारनियमन भोगलेल्या कल्याण-डोंबिवलीकरांना हे ऐकून हसू येईल. पण त्यातला डेटा इंग्लंडला पाठवायला तिथलं इंटरनेट पुरेना, आणि घानातल्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी त्याने विमानाने नायजेरियाला जाऊन ती हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन लंडनच्या विमानात बसला.