लसावि : स्प्रेडशीटमधील एलसीएम फंक्शन व बारामती–इंदापूर परिसरातील उपयोग

दिलेल्या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान धन पूर्णांक संख्या म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य अथवा लसावि. स्प्रेडशीटमध्ये तो काढण्यासाठी एलसीएम हे फंक्शन असते. ते एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क या तिन्हींमध्ये आढळते. एक्सेल २००३पर्यंत त्यासाठी अ‍ॅनालिसिस टूलपॅक ही जोडणी सुरू करावी लागे. २००७च्या आवृत्तीपासून ते मूळ फंक्शनांत आले.

रचना : बी२ ते बी४ या घरांत संख्या असल्यास सूत्र =एलसीएम(बी२:बी४) असे होते; टंकताना अक्षरे रोमन व अंक इंग्रजी ठेवावे लागतात. एक्सेलमध्ये कंसात २५५पर्यंत घटक देता येतात. घटक ऋण असेल तर ‘नम’ ही त्रुटी येते, अक्षरी मजकूर असेल तर ‘व्हॅल्यू’ ही. उत्तर २च्या ५३व्या घाताइतके (९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२) किंवा त्याहून मोठे झाले तरीही ‘नम’ त्रुटी येते. १ ते ४० या सर्व संख्यांचा लसावि या मर्यादेत बसतो. ४१ मिळवताच तो मर्यादेबाहेर जातो.

दोन संख्यांचा गुणाकार त्यांचा लसावि व मसावि (महत्तम सामाईक विभाजक) यांच्या गुणाकाराइतका असतो. तीन संख्यांना हा नियम लागू पडत नाही. २, ४ व ७ यांचा गुणाकार ५६ आणि मसावि १ आहे, पण लसावि २८ येतो. तीन किंवा अधिक संख्या असताना फंक्शनची सोय कळते ती यामुळेच.

इतिहास : राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ (सु. ८५०) या ग्रंथात अपूर्णांकांचे छेद समान करण्यासाठी लसावि वापरला आहे, त्याला ते ‘निरुद्ध’ म्हणतात. महाराष्ट्राच्या शालेय गणितात मसावि व लसावि येतात.

बाजार व तोडा : बारामतीचा आठवडे बाजार गुरुवारी भरतो, म्हणजे त्याचे चक्र ७ दिवसांचे. समजा एका शेतकऱ्याच्या भेंडीचा तोडा (काढणी) दर २ दिवसांनी आणि वांग्याचा दर ४ दिवसांनी होतो. एखाद्या गुरुवारी दोन्ही तोडे एकत्र आले, तर तसा गुरुवार पुन्हा २८ दिवसांनी येईल. थंडीत वांग्याचा तोडा ५ दिवसांवर गेला, की तेच उत्तर ७० होते. एका दिवसाच्या फरकाने हंगामाचे नियोजन असे बदलते.

फंक्शन फक्त कालावधी सांगते. पहिली भेट कधी होईल हे सांगत नाही. एकाच महिन्यात भेंडीचा तोडा सम तारखेला सुरू झाला आणि वांग्याचा विषम तारखेपासून चौथ्या-चौथ्या दिवशी, तर दोन्ही कधीच एका दिवशी येणार नाहीत. सुरुवातीच्या दिवसांतील फरकाला दोन्ही चक्रांच्या मसाविने भाग जावा, ही दोन्ही तोडे एका दिवशी येण्यासाठीची अट आहे. अशा प्रश्नांना उपयोगी पडणारी कुट्टक पद्धत भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) दिली आहे. 

अपूर्णांक : एक्सेलमधील फंक्शन दशांश भाग न सांगता टाकून देते. उसाची साडेचार फुटी सरी आणि सहा फुटी रोटाव्हेटर यांच्या कडा कुठे जुळतात, हे ४.५ व ६ देऊन काढल्यास १२ हे चुकीचे उत्तर मिळते, कारण हिशोब ४ व ६ यांचा होतो. दोन्ही संख्यांना १०ने गुणून ४५ व ६० यांचा लसावि १८० काढावा आणि १०ने भागावे. खरे उत्तर १८ फूट, म्हणजे चार सऱ्या आणि रोटाव्हेटरचे तीन पट्टे.

गिअर : इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री व गिअर यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. गिअरच्या रचनेत लसाविला प्रत्यक्ष महत्त्व असते. २० व ६० दात्यांच्या जोडीत लसावि ६० असल्याने मोठ्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तेच दाते एकमेकांना भिडतात, आणि एका दात्यातील दोष ठरावीक दात्यांनाच झिजवतो. ६०ऐवजी ६१ दाते ठेवल्यास लसावि १२२० होतो. तीच जोडी मोठ्या चाकाच्या २० फेऱ्यांनंतर पुन्हा भिडते आणि झीज सर्व दात्यांवर सारखी वाटली जाते.

मर्यादा : बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांना पाणी देणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाला (पाणी सोडण्याच्या पाळीला) हा हिशोब लागू करता येत नाही. भाटघर व वीर धरणांतील साठा पाहून आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर आवर्तन ठरते. शिवारात पाणी शेजपाळीने, म्हणजे एका शेतामागून शेजारच्या शेताला, असे फिरते. आधीच्या शेतकऱ्याचे भरणे लांबले, की नंतरच्याची पाळी लांबते. चक्रच निश्चित नसेल, तर लसाविला आधार उरत नाही.

बाजाराचा वार व गिअरचे दाते यांसाठी एलसीएमचे उत्तर जसेच्या तसे घ्यावे. तोड्यासाठी ते अंदाज म्हणून वापरावे आणि पाण्याच्या पाळीसाठी वापरू नये.