कुंभथॉन
नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नागरिक, विद्यार्थी, अभियंते आणि प्रशासनाला एकत्र बसवणारा उपक्रम. सुरुवात २०१४ मध्ये; पुढाकार एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक, मूळचे नाशिककर रमेश रासकर यांचा. निवारा, साथरोग, गर्दी अशा प्रश्नांवर शिबिरे भरत. मेळ्यापुरते वसणारे शहर हीच प्रयोगशाळा. यात गर्दीचा प्रश्न सर्वांत जिव्हारी लागणारा: २००३ च्या पर्वणीत रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले होते. त्यावर ‘आशिओतो’ ही दाब ओळखणारी चटई तयार झाली. नाव जपानी (अर्थ पावलांचा आवाज), गरज मात्र अस्सल नाशिकची. वाटेवर अंथरलेल्या चटईवर पाय पडला की मोजणी होई आणि दाटी कुठे वाढते आहे ते कळे. टीसीएसचे नाशिकमधील ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे नवोपक्रम केंद्र कुंभथॉनच्याच प्रयोगातून पुढे आले.