लिनक्स निवडताना रंगरूप नको, संस्था बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चं नेहमीचं अपडेट थांबवलं. घरगुती ग्राहकांनी नाव नोंदवलं तर त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. पुढचं विंडोज ११ घ्यावं म्हटलं तर टीपीएम २.० ची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आता आपल्या नागापूर एमआयडीसीत बघा. छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात, पोरांच्या अभ्यासाच्या टेबलावर त्याआधीची किती मशिनं आहेत? चालू आहेत, धडधाकट आहेत, पण कंपनीच्या हिशेबी म्हातारी झाली.

म्हणून सध्या जो तो विचारतो, "लिनक्स टाकू का? आणि टाकायचं तर कुठलं?" शेकडो प्रकार आहेत, माणूस गोंधळतो. मग कुणी दिसायला विंडोजसारखं म्हणून एक घेतो, कुणी व्हिडिओत बघून दुसरं घेतो. पण गेल्या तीस-बत्तीस वर्षांचा इतिहास बघितला तर निवडीची कसोटी वेगळीच निघते.

आधी एक गोष्ट साफ करू. लिनक्स हा मुळात फक्त गाभा, म्हणजे कर्नल. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं तो १९९१ मध्ये जाहीर केला. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननं ग्नू प्रकल्प सुरू केला होता, त्यातून बाकीची हत्यारं आली. पण हे सगळं सुटं सामान. आपल्या भाषेत सांगायचं तर ऊस शेतात उभा आहे, पण घरात साखर यायला कारखाना लागतो. ऊस गोळा करायचा, गाळायचा, तपासायचा, पोत्यात भरायचा आणि माल खराब निघाला तर जबाबदारी घ्यायची. हे काम करणारी संस्था म्हणजे डिस्ट्रिब्यूशन, बोलताना डिस्ट्रो. ऊस सगळ्यांचा जवळपास सारखाच, फरक कारखान्याचा.

आणि कारखाना कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न नगर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच प्रश्नातून.

लिनक्सच्या जगातही दोन्ही प्रकार सुरुवातीपासून आहेत. ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मर्डॉक या विद्यार्थ्यानं डेबियन सुरू केलं. त्याला मालक नाही. जगभरचे सभासद ते सांभाळतात आणि दरवर्षी मतदान करून आपला प्रमुख निवडतात. थोडक्यात सहकारी. दुसरीकडे अमेरिकेतली रेड हॅट ही कंपनी.

आपल्याकडे नव्वदीच्या उत्तरार्धात लिनक्स आलं ते बरंचसं संगणक मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडीवर. तेव्हाच्या पोरांसाठी लिनक्स म्हणजेच रेड हॅट. पण २००३ मध्ये कंपनीनं ठरवलं की फुकट मिळणारं रेड हॅट लिनक्स बंद. नववी आवृत्ती शेवटची. पैसे देणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळा माल, आणि हौशी लोकांसाठी फेडोरा, जे आजही दर सहा महिन्यांनी नवं येतं आणि प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते. फेडोरा वाईट नाही. पण ज्याला वर्षा-दीड वर्षानं सगळं नवं करायचं नाही, त्याच्या हिशेबाच्या टेबलावर ते नको.

मग लोकांनी तोड काढली. रेड हॅटच्या खुल्या कोडवरून २००४ मध्ये सेंटओएस उभं राहिलं, फुकट आणि टिकाऊ. अगणित सर्व्हर त्यावर चालले. २०१४ मध्ये रेड हॅटनं ते पंखाखाली घेतलं, २०१९ मध्ये रेड हॅटच आयबीएमनं विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की सेंटओएस ८, जे २०२९ पर्यंत सांभाळायचं होतं, ते २०२१ अखेर बंद. म्हणजे आठ वर्षांचा शब्द एका वर्षावर आला.

पण इथंच खुल्या कोडची ताकद दिसली. काही महिन्यांत रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स अशा दोन नव्या संस्था उभ्या राहिल्या आणि लोकांची कामं थांबली नाहीत. विंडोज १० च्या बाबतीत असं कुणी करू शकत नाही, कारण तो ऊसच कंपनीचा.

आता सरकारी बाजू. सीडॅकच्या चेन्नई केंद्रानं २००७ मध्ये भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, म्हणजे 'बॉस' आणलं. मराठीसकट भारतीय भाषा त्यात होत्या. तरी आपल्या घरादारात ते फारसं आलं नाही. का? शेजारच्या शेजारी केरळ बघा. तिथं 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पानं शाळांत लिनक्स आणलं, आणि त्याबरोबर हजारो शिक्षकांना शिकवलं. आपल्याकडे २००१ पासून एमएससीआयटी आली. खेड्यापाड्यातल्या पोरापोरींना तिनं संगणकावर बसवलं, हे तिचं मोठं काम. पण त्या पिढीला संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हेच ठाऊक झालं. डिस्ट्रो नुसतं असून भागत नाही, अडलं तर विचारायला माणूस लागतो.

आता गंमत बघा. बॉस डेबियनवर उभं. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थनं २००४ मध्ये आणलेलं, एकेकाळी पोस्टानं फुकट सीडी पाठवणारं उबुंटू डेबियनवर उभं. २००६ चं लिनक्स मिंट उबुंटूवर उभं. संरक्षण मंत्रालयानं २०२३ मध्ये विंडोजच्या जागी आणायला घेतलेलं 'माया' तेही उबुंटूवर. म्हणजे कंपन्या, सरकारं, हौशी मंडळी, सगळ्यांची मुळं जाऊन त्या बिनमालकाच्या सहकारी संस्थेत पोहोचतात.

म्हणून पतसंस्थेत ठेव ठेवताना जे विचारतो तेच इथं विचारा. संस्था किती जुनी? चालवतं कोण? किती वर्षांचा शब्द आहे, आणि आधीचे शब्द पाळले का? अडचणीला जवळ माणूस आहे का?

या हिशेबानं माझं मत असं:

घरी, पोरांच्या अभ्यासाला, विंडोजची सवय असलेल्यांना लिनक्स मिंट. त्याची २२ वी आवृत्ती एप्रिल २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. मशिन जुनं, रॅम कमी, तर त्यातलंच एक्सएफसीई.

ऑफिसात डेबियन किंवा उबुंटूची एलटीएस आवृत्ती. दोन्हीला साधारण पाच वर्षं चिंता नाही. सगळ्या मशिनवर एकच ठेवा, म्हणजे सांभाळणाऱ्याचं डोकं शाबूत राहील.

अगदी जुनं ३२ बिटचं मशिन असेल तर लक्षात ठेवा, डेबियननंही तेराव्या आवृत्तीपासून त्यावरचं नवं इन्स्टॉलेशन बंद केलंय.

आणि खरं ते सांगतो. टॅली, ऑटोकॅड ही थेट लिनक्ससाठी बनलेली नाहीत. त्यासाठी एखादं विंडोजचं मशिन ठेवा, सगळी बदलायचा हट्ट नको. सीएनसीला जोडलेल्या संगणकाला मशिनवाल्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. डिजिटल सहीचं टोकन चालतं का, ते आधी तपासा.

तपासायला खर्च नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, हार्डडिस्कवर काही टाकायचं नाही. वायफाय, प्रिंटर, आवाज बघा. मग मराठीत 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्यावर' टाइप करून बघा. ऱ्या नीट उमटला, प्रिंटही नीट आली, तर मराठीची बाजू बरीचशी भक्कम. श्रीलिपीतल्या जुन्या फायली मात्र आधी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर कागदपत्रं असूनही वाचता येणार नाहीत. आणि काहीही करण्याआधी सगळ्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर.

धडधाकट मशिन भंगारात घालायचं की आणखी पाच वर्षं वापरायचं, हे ठरवायचा हक्क ज्यानं घामाचे पैसे दिले त्याचा. लिनक्स तो हक्क परत देतं, फक्त संस्था पारखून घ्या.

नागापूर, सावेडी, बोल्हेगाव भागात कुणी ऑफिसात लिनक्स वापरत असाल तर खाली लिहा: कुठलं, किती वर्षं झाली, आणि कुठल्या कामासाठी विंडोज ठेवावंच लागलं. शेजाऱ्याचा अनुभव शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त कामाचा.