कबूलनामा कोणाचा?

गुन्हेगार स्वतःच आपली कहाणी सांगू लागला, की वाचकाची पंचाईत होते. हा माणूस स्वतःला सावरून घेतोय हे कळत असते, तरीही त्याचे बोलणे गोड लागते. फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही १८३९ साली आलेली इंग्रजी कादंबरी अशीच आहे.

टेलर १८२४ मध्ये कोवळ्या वयात मुंबईला आले आणि पुढे निजामाच्या चाकरीत शिरले. १८५३ च्या तहानंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे होता. तुळजापूरच्या परिसरात घडणारी ‘तारा’ (१८६३) ही कादंबरीही त्यांचीच. म्हणजे मराठवाड्याला हा लेखक परका नाही.

‘कन्फेशन्स’चा निवेदक आहे अमीर अली, माफीचा साक्षीदार. समोर बसलेल्या साहेबाला तो आपले आयुष्य सांगतो. ७१९ खुनांचा हिशेब देताना त्याचा आवाज कापत नाही. उलट, मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर आकडा आणखी वाढला असता, ही त्याची खंत. तो नमाजी मुसलमान आहे आणि भवानीचा कौलही मानतो. खून त्याने केला, पण दोष शकुनाचा, नशिबाचा! ज्या ठगाने त्याला मुलगा म्हणून वाढवले, त्याच्याच टोळीने त्याच्या आईबापांचा जीव घेतला होता. पुढे नकळत तो स्वतःच्या बहिणीच्या मृत्यूलाही कारण होतो. तिथे मात्र त्याची सफाई लंगडी पडते. टेलर यांनी त्याच्या तोंडी सोयीची तौबा घातली नाही, हे त्यांचे यश.

पण एक प्रश्न उरतोच. हा कबूलनामा लिहून कोण घेत होते? १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरे झाला. आणि साक्षीदाराचा जीव वाचायचा तो साहेबाला हवे ते सांगून. ठगी खरी किती आणि कंपनी सरकारने रंगवलेली किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. रस्त्यावर वाटसरू मारले जात होते, हे नाकारता येत नाही. पण देवीच्या नावाने चालणारा, देशभर पसरलेला एकच गुप्त पंथ होता, हे चित्र राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते. अमीर अली आपल्या खुनांचे समर्थन करतो, त्याच वेळी त्याच्या तोंडून कंपनीच्या राज्याचेही समर्थन होत असते.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. आपल्याकडच्या कैकाडी, कंजारभाटांसारख्या जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्ह्याचा शिक्का बसला. कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

म्हणून अशा निवेदकाची कादंबरी लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्यानेही दोन माणसांवर नजर ठेवावी. एक बोलणारा, आणि दुसरा लेखणी घेऊन गप्प बसलेला. पहिल्याचा गुन्हा पानोपानी दिसतो. दुसऱ्याला तर कबुली द्यायची वेळच येत नाही.