नावांची वही

आपण एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाइप करतो आणि पान समोर येते. पण यंत्रांना नावे कळत नाहीत, त्यांना आकडे कळतात. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. तिचा इतिहास वाचताना मला एखाद्या राज्यकारभाराचा इतिहास वाचल्यासारखे वाटले.

१९६९ साली अमेरिकेत अर्पानेट सुरू झाले, तेव्हा वर्षअखेरीस त्याला चारच संगणक जोडलेले होते. पुढे संख्या वाढली, तेव्हा सगळ्यांची नावे व आकडे एकाच फाइलीत लिहून ठेवत. ही वही कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय या संशोधन संस्थेत असे. तिथले माहिती केंद्र एलिझाबेथ फाइन्लर ही बाई चालवीत होती. नवे यंत्र जोडले की या कार्यालयाला कळवायचे, त्यांनी नोंद करायची आणि बाकीच्यांनी ती वही उतरवून घ्यायची. गावाचे सगळे दप्तर एकट्या तलाठ्याकडे असावे, तसा प्रकार!

यंत्रे शेकड्यांनी वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. फाइल फुगली, आणि उतरवून घेईपर्यंत ती शिळी होई. तेव्हा जॉन पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस यांच्यासमोर पाच वेगवेगळे प्रस्ताव ठेवून त्यांतून मार्ग काढायला सांगितले. मोकापेट्रिस यांनी पाचही बाजूला ठेवून स्वतःचीच योजना आखली. ती नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८७ साली सुधारली गेली. आजचे डीएनएस त्याच पायावर उभे आहे.

योजना अशी, की संपूर्ण वही कोणाकडेच नको. सर्वांत वरच्याला एवढेच ठाऊक, की 'कॉम'चा कारभार कोणाकडे आणि 'इन'चा कोणाकडे. पुढचे त्यांना विचारा. ज्याची नावे, त्याने आपापली वही ठेवावी. मिळालेले उत्तर ठराविक वेळ लक्षात ठेवावे, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको. शिवाय प्रत्येक वहीची नक्कल निदान दोन ठिकाणी असावी, असाही नियम केला.

एक गोष्ट मात्र राहून गेली. उत्तर देणारा खरेच बोलतो, असे त्यात गृहीत धरले होते. खोटे उत्तर घुसवणे किती सोपे आहे, हे २००८ साली डॅन कमिन्स्की यांनी दाखवून दिले. प्रश्नाला जो ओळखक्रमांक असतो त्याच्या शक्यता जेमतेम ६५,५३६. तातडीची डागडुजी झाली. उत्तरांवर सही करण्याची कल्पना त्याआधीच निघाली होती, तिला आता जोर आला आणि जुलै २०१० मध्ये अगदी वरच्या वहीवरही सही झाली. या सहीला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते.

या मुदतीचाच हिसका माझ्या भाच्याला बसला. त्याने घरात एका छोट्या संगणकावर स्वतःचा डीएनएस मांडला आहे, सह्या तपासणारा. मे महिन्यात मंडळी दहा-बारा दिवस गावी गेली, मेन स्विच बंद करून. परत आल्यावर दिवे सगळे हिरवे, पण एकही पान उघडेना. आकडा टाकला तर यंत्र सापडे, नाव टाकले तर नाही. म्हणजे बिघाड नावांतच होता. त्याने सहीची तपासणी तात्पुरती थांबवली, तर उत्तर लगेच आले. मग त्याने तारीख पाहिली. त्या छोट्या संगणकाच्या घड्याळाला बॅटरी नाही, त्यामुळे ते निघाल्या दिवशीच थांबले होते. ताज्या सह्या त्याला भविष्यातल्या वाटत होत्या, म्हणून तो त्या नाकारी. घड्याळ लावायचे तर वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारायला हवे, आणि त्याचे नाव शोधायला डीएनएस हवा! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. त्याने हाताने तारीख घातली, आणि वेळेच्या सर्व्हरचे नाव काढून त्या जागी आकडा लिहिला. झाले.

पण मला काळजी वाटली ती वेगळीच. तो महिन्यातले पंधरा दिवस बंगळूरला असतो. तो नसताना असे झाले असते तर त्याच्या आईचे परदेशातल्या नातीशी रोजचे बोलणेच बंद पडले असते, आणि कारण घरात कोणालाच सांगता आले नसते. ज्या व्यवस्थेचा जन्मच 'सगळे एकाच ठिकाणी नको' म्हणून झाला, ती घरात आणताना आपण पुन्हा एक डबा आणि एक डोके यांवरच सोपवतो.

असो. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी एवढे करावे. अडचण आली तर राउटर कंपनीच्या डीएनएसवर परत कसा न्यायचा, ते एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहून मीटरजवळ चिकटवावे. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडून एकदा तसे करवूनही घ्यावे.