दंडावरची देवी

आमच्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले की मी त्या बारीक खड्ड्यांवरून बोट फिरवायची. "बाया येऊन गेल्या तेव्हाचं आहे ते," एवढंच ती म्हणायची. रोगाचं नाव घ्यायची तिच्या माहेरी रीत नव्हती.

ती सहा वर्षांची असताना घरात बाया आल्या. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, चुलीवरची फोडणी बंद झाली, परकं माणूस उंबरा ओलांडेना. आजी आणि तिचा धाकटा भाऊ निंबाच्या पाल्यावर शेजारी शेजारी निजलेले. अंगावरचे फोड सुकून आजी उठून बसली, तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. भाऊ कुठे गेला हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पुढे चेहऱ्यामुळे स्थळं येईनात. शेवटी बिजवराला दिली. हे सगळं ती तांदूळ निवडता निवडता, हात न थांबवता सांगायची.

एवढं सोसलेली बाई नातीला सगळ्यांच्या आधी टोचून घेईल, असं वाटतं. पण गावात देवी काढणारे आले की आजी मला माजघरातल्या रिकाम्या कणगीत लपवायची. तान्ही असताना लपवलं, तिसऱ्या वर्षीही लपवलं. देवी आपणहून येते, आपणहून जाते. तिला सुईने बोलवायचं म्हणजे तिचा कोप ओढवून घेणं, असं तिला मनापासून वाटत होतं.

१९६८ साली मी पाच वर्षांची होते. साताऱ्याकडच्या आमच्या गावात देवी काढणारे पुन्हा आले. खाकी पिशवी, वही, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. त्यांनी ओट्यावर बसून पाणी मागितलं. आजीचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या अंगात आली ती थोरली. मी आणलीय ती धाकटी. धाकटी आधी घरात आली, की थोरली उंबऱ्यात पाऊल टाकत नाही."

आजी बराच वेळ उभी राहिली. मग तिनेच मला कणगीतून बाहेर काढलं.

त्यांच्या हातात दांडीला बसवलेली दातेरी चकती होती. दंडावर लशीचा थेंब ठेवला, त्यावर चकती टेकवली आणि दांडी बोटांनी गर्रकन फिरवली. अशी दोनदा. मी किंचाळले. चौथ्या दिवशी तिथे पुळी आली, आठव्या दिवशी टपोरा फोड. बगलेत गाठ, अंगात कणकण. तेवढे दिवस आजीने घरात फोडणी दिली नाही, दाराला निंब बांधला आणि मला दहीभात भरवला. धाकटी असली तरी देवीच ती! आठवड्याने ते गृहस्थ परत आले, फोड पाहिले, "छान उठल्या," म्हणाले आणि वहीत खूण केली. खपली पडली, दोन वण राहिले. आज इतक्या वर्षांनीही ते रुपयाएवढे आहेत.

रोगही देवी, लसही देवी आणि दंडावरचा वणही देवीच. मराठीने तिन्हींना एकच नाव दिलं. त्या गृहस्थांनी आजीची श्रद्धा खोटी ठरवली नाही. तिच्याच भाषेत शिरून जागा मागितली. देवीविरुद्धची मोहीम अशाच ओट्यांवर जिंकली गेली, असं मला ठामपणे वाटतं.

देशातली तिची सुरुवातही आपल्याच किनाऱ्यावर झाली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचलं, ती हिंदुस्थानातली पहिली देवीची लस. बगदाद, बसरा अशा वाटेने आलेली ही लस तेव्हा हातावरून हातावर चालायची. एका मुलाच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर. पुढे ती वासरांच्या कातडीवर तयार होऊ लागली. १९६२मध्ये देशभर निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. नंतर दुतोंडी सुई आली, पंधरा टोचण्यांत काम होऊ लागलं. तरीही १९७४मध्ये देवीने शेवटचा मोठा तडाखा दिला. त्या वर्षी पावणेदोन लाखांहून अधिक लोकांना देवी आल्या, बिहारमध्ये तर हाहाकार झाला. कार्यकर्ते दारोदार फिरले, रोगी शोधले, त्यांच्या भोवतालच्या प्रत्येकाला टोचलं. मे १९७५मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

आजी तेव्हा हयात होती. मी तिला बातमी वाचून दाखवली. तिने माझी बाही वर सारली, वणांवरून अंगठा फिरवला आणि भावाचं नाव घेतलं. ते नाव मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

माझ्या मुलीच्या दंडावर एक छोटा वण आहे, तो बीसीजीचा. देवीचा वण तिला नाही, कारण तिच्या जन्माआधीच ही लस टोचणं बंद झालं. तुमच्या घरात कुणाच्या दंडावर असे रुपयाएवढे वण असतील, तर त्यांच्याजवळ बसा आणि ते कधी, कुणी टोचले ते विचारून घ्या. धूळ तुडवत आलेल्या त्या माणसांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. त्यांच्या कामाची नोंद आहे ती या दंडांवरच.