समासातली दुरुस्ती

खेड्यातल्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडले की 1 जून ही जन्मतारीख पानोपानी दिसते. इतकी मुले एकाच दिवशी जन्मली, असे नव्हे. आईबापांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई. मग गुरुजी वयाचा अंदाज घेऊन 1 जून लिहीत. त्या अंदाजावरच पुढे नोकरी, निवृत्ती आणि पासपोर्ट उभे राहिले.

आपल्या नावांची तर निराळीच तऱ्हा. एकच माणूस दाखल्यावर मोहम्मद, सातबाऱ्यावर महंमद आणि मतदारयादीत महमद असतो. साहेब विचारतात, "यातले तुम्ही कोण?" बहुतेक वेळा यामागे लबाडी नसते, लिप्यांचा इतिहास असतो. उर्दूतली जाल, जे, जुआद, जोय ही चार अक्षरे देवनागरीत एका 'ज'मध्ये येतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. गावातल्या जन्ममृत्यूची खबर कोतवाल तोंडी आणी आणि ती गाव नमुना 14 मध्ये चढे. म्हणून त्या वहीला 'कोतवाल बुक' म्हणतात. लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आले, तेच कागदावरचे नाव झाले.

मराठवाड्यात त्यात सनाचा घोळ मिसळला. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत आणि सन फसली. तिथले फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे इसवी सन काढताना डिसेंबरपर्यंतच्या तारखेला 590 आणि जानेवारीपासूनच्या तारखेला 591 मिळवावे लागतात. हा हिशेब चुकला की माणूस कागदावर एका वर्षाने लहान किंवा मोठा होतो.

अशा तक्रारींचे काय करायचे, याचा विचार कायद्याने फार पूर्वी केला आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या 1886 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने सांगितले की, चूक सिद्ध झाल्यास निबंधकाने मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहावी, सही करावी आणि तारीख घालावी. 1969 च्या कायद्यातल्या कलम 15 मध्येही हीच रीत कायम आहे. जमिनीच्या कागदांतील लेखनदोषासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधले कलम 155 आहे.

मूळ नोंद राखण्यात मोठे शहाणपण आहे. खाडाखोड केलेले नाव उद्या बनावट ठरू शकते. समासातली दुरुस्ती मात्र चूक काय होती, ती कोणी व कधी सुधारली, हे सांगते. आपल्याकडे पुष्कळ लोक घाईने नवे प्रतिज्ञापत्र करतात आणि मूळ वही पाहतच नाहीत. मग एका चुकीच्या कागदाशेजारी दुसरा न जुळणारा कागद तयार होतो, आणि वारसाहक्काच्या वेळी दोन्ही आडवे येतात. तक्रारीची पहिली पायरी म्हणजे मूळ नोंदीची नक्कल मागणे.

आता हे काम टाळण्याजोगे राहिलेले नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. गुरुजींच्या अंदाजाला तिथे जागा नाही. दाखल्यातली चूक जन्मभर सोबत राहील.

जुन्या वह्यांचे मोलही नव्याने कळले आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज पडली. आपल्या घरांतून उर्दू वाचणारे अजून आहेत. शेजाऱ्याची जुनी नक्कल वाचून देणे, त्यातला फसली सन नीट मांडून देणे, एवढे त्यांनी केले तरी कितीतरी अर्ज मार्गी लागतील. मग तो शेजारी कोणत्याही जातीधर्माचा असो.